भोपळ्याचा पहिला घाव

दूर समुद्रातल्या बेटावरच्या पेती राफ्रे गावात देवराजला देवराज म्हणणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. पोस्टमन म्हणायचा, पण त्याचा नाइलाज होता. बाकी गावासाठी तो 'मिस्ये प्रोझे'. मिस्ये म्हणजे साहेब, प्रोझे म्हणजे बेत, योजना. बेटावरच्या क्रेओल बोलीत हा शब्द आदरानंही उच्चारता येतो. पेती राफ्रेनं तसा प्रयत्न कधी केला नाही.

त्याची दोन एकर जमीन होती. तिच्यात ऊस, उसाच्या ओळींमधून टोमॅटो आणि घेवडा, आणि बरोबर मध्यभागी काळ्या दगडांचा एक मोठा ढीग. आजोबांनी आयुष्यभर रानातले दगड हातानं वेचून तो रचला होता, उसाला जागा व्हावी म्हणून. नातवाला तो विचार करायला बसण्यासाठी फार सोयीचा पडे. सकाळी गाव रानात जाताना देवराज ढिगावर दिसला की लोक एकमेकांना सांगायचे, आज काहीतरी सुचणार.

आणि सुचायचंच. सत्तर सालानंतर साखरेला बरे दिवस आले आणि देवराजच्या डोक्यालाही. आधी बदकं आली. बदकांसाठी त्यानं तळं खणलं, पण त्या सच्छिद्र जमिनीनं पाणी रात्रीतून पिऊन टाकलं. बदकांनी जरा वाट पाहिली, मग रांगेनं शेजारच्या जयदेवच्या अंगणात चालत गेली आणि तिथंच नांदली. पुढं ससे आले. सशांचं खुराडं तीन बाजूंनी पक्कं झालं, चौथी बाजू उद्या व्हायची होती. सशांना उद्या म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग व्हॅनिलाची वेल. व्हॅनिलाचं फूल एका सकाळपुरतं उमलतं आणि त्याच सकाळी त्याचं परागीकरण हातानं करावं लागतं. वेलीला पहिल्यांदा फुलं आली त्या सकाळी देवराज बसनं रोझ हिलला गेला होता, व्हॅनिलाला गिऱ्हाईक आहे का ते विचारायला. गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी परतला तेव्हा फुलं मिटली होती.

असं असूनही त्या घरात रोज चूल पेटायची, याचं कारण त्याची बायको चंद्रिका. देवराजच्या डोक्यात शेती चालायची आणि चंद्रिकेच्या हातात. टोमॅटोला काठ्या लावणं, घेवडा तोडणं, टोपल्या घेऊन गुडलँड्सच्या बाजारात बसणं ही सगळी तिची कामं. पण जीव होता तो गाईत. माहेरून आलेल्या गाईच्या पोटची ही चौथी पिढी. अंगानं तांबडी, गळ्यावर पांढरा ठिपका, आणि चाल अशी की जणू साखर कारखान्याच्या साहेबाची बायको चर्चला निघाली आहे. म्हणून तिचं नाव मादाम. कूप, म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की चंद्रिका डोक्यावर वाढ्यांचे भारे आणायची, आणि हंगाम सरला की रस्त्याकडेचं गवत. मादाम दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. देवराजला तर ती ओळखतही नसावी, कारण गोठ्यात तो वर्षाकाठी एकदा जायचा, तोही गोठ्याचं दुसरं काय करता येईल ते बघायला.

एकोणऐंशी सालचा नोव्हेंबर कोरडा गेला. टोमॅटोनं माना टाकल्या. घरामागं एक जुनी विहीर होती, पण तिचं पाणी पोहऱ्यानं काढून दोन एकर भिजणार थोडेच. चंद्रिका लेकीकडं, बसंतीकडं, व्हाकोआला चार दिवस गेली होती आणि देवराज दगडांवर बसला होता. तिथं त्याला पंप सुचला. शेजारच्या गावच्या प्रेमचंदकडं डिझेलवर चालणारा पंप पडून होता आणि प्रेमचंदला गाय हवी होती. मादाम बरेच दिवस दूध देत नव्हती, हे देवराजच्या कानावर होतं. दूध न देणारी गाय म्हणजे नुसता खर्च. पंप म्हणजे पाणी. पाणी म्हणजे बारमाही टोमॅटो. हिशेब इतका सरळ होता की त्यात बायकोला कशाला विचारायचं? प्रेमचंद आला, गाईच्या पोटावरून त्यानं हात फिरवला, आणि घासाघीस न करता तयार झाला. एवढ्यावरूनही देवराजला काही कळलं नाही.

पंपानं विहिरीतून मनगटाएवढी धार काढली. देवराजनं टोपी काढून ती धार पाहिली. थोड्या वेळानं धार तपकिरी झाली, मग दाट झाली, मग पंपानं विहिरीच्या तळाचा सगळा चिखल गोठ्याभोवती ओकला, एक ढेकर दिली आणि तो गप्प झाला. चिखल अजून ओला होता तेवढ्यात चंद्रिका बसमधून उतरून आली. तिनं चिखल पाहिला. मोकळा खुंटा पाहिला.

“मादाम कुठाय?”

देवराजनं योजना पहिल्यापासून समजावून सांगितली, बारमाही टोमॅटोपर्यंत. चंद्रिकेनं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं झाल्यावर ती म्हणाली, “गाभण होती ती.”

हे तिचं त्या वर्षातलं त्याच्याशी शेवटचं वाक्य.

म्हणजे ती रुसून माहेरी गेली नाही, भांडी आपटली नाहीत, जेवण बंद केलं नाही. सगळं वेळच्या वेळी होत होतं, फक्त देवराजशी बोलणं बंद झालं होतं. निरोप द्यायचा झाला तर तो तोबीमार्फत. तोबी हा त्यांचा कुत्रा. “तोबी, सांग, भात झाकून ठेवलाय.” “तोबी, विचार, साबण आणायचा का विसरायचा.” तोबी शेपूट हलवायचा, निरोप पोचल्याची तेवढीच खूण. देवराजही हट्टाला पेटला आणि तोबीलाच उत्तरं देऊ लागला. या घरात सगळ्यात जास्त मराठी ऐकणारा प्राणी म्हणजे तोबी, असं जयदेव दुकानात सांगत फिरायचा.

डिसेंबरात क्लोदेत नावाचं वादळ आलं. ज्या पाण्यासाठी देवराजनं गाय दिली होती ते आभाळानं अंगावर ओतलं. विहीर काठापर्यंत भरली. टोमॅटो, काठ्यांसकट, कुणाच्या रानात गेले ते समजलं नाही. गोठ्याचे पत्रे उडाले. वादळ ओसरल्यावर देवराजनं ते शोधून आणले आणि उत्साहानं छप्पर बसवायला घेतलं. अर्धं बसलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल त्याला एक वेगळी कल्पना सुचली होती, तिचा विचार चालू राहिला.

मग एक अशी गोष्ट झाली की जी कुणीच योजली नव्हती. गोठ्याच्या उकिरड्यात भोपळ्याच्या बिया कधीतरी पडलेल्या होत्या. जुनं शेण, विहिरीच्या तळाचा गाळ आणि वादळाचं पाणी एकत्र मिळाल्यावर त्या पिसाळल्यासारख्या उगवल्या. वेल गोठ्याच्या खांबावरून अर्ध्या छपरावर चढली आणि मे महिन्यात, इथल्या थंडीच्या तोंडाला, छपरावर भोपळेच भोपळे. बाजारात त्याला झिरोमों म्हणतात, घरात भोपळा. देवराजच्या हातून झालेलं हे आजवरचं सगळ्यात यशस्वी पीक, आणि त्यात त्याचा हात एवढाच की त्यानं छप्पर पुरं केलं नव्हतं.

इथं एक रीत सांगायला हवी. बाईनं अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव घालायचा नाही. तो घरातल्या पुरुषानं घालायचा. मग बाईनं त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. का? जयदेवची बायको म्हणे, भोपळा म्हणजे थोरला मुलगा, आईनं त्याच्यावर सुरी कशी चालवावी. दुसरं कुणी म्हणे, तो बळीच्या जागी असतो. खरं कारण मराठी मुलखातून आलेल्या पणज्यांबरोबर जहाजात चढलं असेल, पण बंदरावर उतरली ती नुसती चाल. गावातली भाषा अर्धी क्रेओल झाली, पोरं मराठीत विचारलेल्याला क्रेओलमध्ये उत्तरं देऊ लागली, पण भोपळ्याला पहिला घाव अजून पुरुषाचाच.

पहिला भोपळा उतरवला तेव्हा चंद्रिकेनं तो देवराजसमोर आणून ठेवला. शेजारी कोयता ठेवला. काही बोलली नाही. देवराजनं भोपळ्याकडं पाहिलं, कोयत्याकडं पाहिलं, आणि त्याला वाटलं, आता सापडली. या घरात त्याच्यावाचून अडावं असं एकच काम होतं आणि ते आता आलं होतं. तिनं तोंडानं सांगावं, मग कापतो. तो भोपळ्याला वळसा घालून बाहेर गेला.

चंद्रिकेनं भोपळा उचलून पलंगाखाली ठेवला. दुसरा उतरवला, तोही तिथंच. पलंगाखालची जागा संपल्यावर कपाटावर, कपाटावरची संपल्यावर गोणपाटांच्या ढिगावर. काही तिनं बाजारात अख्खेच विकले. पण घरात भोपळा शिजला नाही. विळ्या-भोपळ्याचं वैर असतं म्हणतात. इथं तर दोघांची गाठच पडू दिली जात नव्हती. देवराज भोपळ्यांवर झोपायचा, भोपळ्यांमध्ये कपडे बदलायचा आणि वाट बघायचा. भोपळ्याची भाजी त्याला फार आवडायची, ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

गावानं हे सगळं ओळखायला वेळ लावला नाही. एरवी एकमेकांशी न बोलणारी जोडपी गावात बरीच होती, पण छपरावरून दिसणारा अबोला हा पहिलाच. आणि गणपती जवळ येऊ लागले तसा प्रश्न गंभीर झाला. चतुर्थीच्या नैवेद्यात भोपळ्याची भाजी हवीच. शिवाय या वर्षी बसंती नवऱ्याला आणि सासूला घेऊन येणार होती, सासू प्रथमच. घरात भोपळ्यांची रास आणि पानात भोपळा नाही, हे सासूला कसं सांगणार? जावयाच्या हातून घाव घालावा, असं कुणी सुचवलं. पण जावई व्हाकोआच्या एका ऑफिसात कारकून. त्यानं कोयता धरला तर कापलं काय जाईल याची हमी कुणी घ्यावी.

एके दिवशी दुपारी जयदेव कुंपणापाशी आला. देवराज गोठ्याच्या मागं अर्ध्या छपराचा विचार करत बसला होता. तो जयदेवला दिसला नाही.

“वैनी,” जयदेव म्हणाला, “चतुर्थी महिन्यावर आली. मी घालू का घाव? भोपळ्याला काय, कोणाचाही हात चालतो.”

गोठ्यामागं देवराजनं कान टवकारले. बदकं गेली होती ती याच अंगणात. तिथंच आता घरातलं शेवटचं पुरुषाचं कामही निघालं होतं.

चंद्रिका घेवडा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“नको, भावजी. आमच्या घरात पुरुष हाय. सध्या बोलणं नाय, एवढंच.”

जयदेव गेला.  बाईनं आपली बाजू राखली होती आणि आपण तिची गाय राखली नव्हती, असं काहीतरी देवराजच्या मनात येत होतं. कल्पनांची सवय असलेल्या डोक्यात साधी गोष्ट शिरायला वेळ लागतो. पण शिरली. तो उठला, पंप हातगाडीवर चढवला आणि ढकलत प्रेमचंदकडं निघाला.

प्रेमचंदच्या अंगणात मादाम उभी होती आणि तिच्या बाजूला एक तांबडी कालवड, गळ्यावर पांढरा ठिपका. मादाम हवी असेल तर विसर, प्रेमचंद म्हणाला, घरातली पोरं तिच्या दुधावर वाढतायत. देवराजनं कालवड मागितली. प्रेमचंदनं पंपाकडं पाहिलं, मग देवराजकडं. नुसता पंप पुरणार नाही. त्याच्या एका शेताचा ऊस उभा होता आणि तोडणीला माणसं मिळत नव्हती. देवराजनं तो सगळा ऊस तोडावा, एकट्यानं.

“पण मिस्ये प्रोझे,” तो म्हणाला, “शेवटचा ऊस पडेल तेव्हाच कालवड सुटेल. एक ओळ राहिली तरी नाय.”

प्रेमचंदला देवराजचं सगळं चरित्र माहीत होतं. फुकटात पाऊण शेत तोडून मिळणार, कालवड गोठ्यात राहणार, आणि पंपही आलाच होता. असा सौदा रोज मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून देवराज उजाडताच कोयता घेऊन घराबाहेर पडू लागला. घरी सांगायची सोय नव्हती. तोबीलाही त्यानं सांगितलं नाही. गावाला वाटलं, भोपळ्यांना कंटाळून पळतोय. ऊस तोडणं हे काम कल्पनेनं होत नाही. वाकायचं, बुडाशी घाव घालायचा, वाढे छाटायचे, पुढच्या उसाला वाकायचं. पाचटाची कुसळं मानेत शिरतात आणि ती काढायला हात मोकळा नसतो. पहिले काही दिवस देवराज घरी यायचा तो काटकोनात.

चंद्रिका त्याचे शर्ट धुवायची.  त्याच्या डब्यात भात वाढला, डाळीबरोबर रुगाय, म्हणजे टोमॅटोचं तिखट कालवण, रोज येऊ लागलं, आणि एका सकाळी तो निघताना मागून आवाज आला, “तोबी, सांग, कोयत्याला धार नाय. शर्टावर चेचल्या उसाचा रस उडालेला दिसतोय.” तोबीनं शेपूट हलवली. देवराज थांबला, परत फिरला आणि दगडावर कोयता घासून मग गेला.

शेताचा तिसरा हिस्सा राहिला होता तेव्हा त्याची ती जुनी खोड उफाळून आली. प्रेमचंदच्या रानातही मध्यभागी दगडांचा ढीग होता. देवराज पाणी प्यायला त्यावर बसला, समोर पडलेलं पाचट पाहिलं, आणि त्याला अळिंब्या सुचल्या. ओल्या पाचटावर अळिंबी उगवते असं त्यानं ऐकलं होतं. किती पाचट हे, नुसतं वाया जातंय. सावलीला एक मांडव, त्यात थर, वरून पाणी, आणि हॉटेलवाले तर समुद्रकाठी आहेतच. कोयता मांडीवर राहिला. दूरवर बांधावर प्रेमचंद उभा होता. त्यानं हे पाहिलं आणि समाधानानं विडी पेटवली.

बांधाजवळ मादाम चरत होती. तिनं मान वर करून देवराजकडं पाहिलं. ओळख दाखवली असं नाही; मादामनं त्याला कधीच ओळख दाखवली नव्हती. ती फक्त बघत राहिली आणि चघळत राहिली. चंद्रिका त्याची योजना ऐकताना अशीच बघत होती, मध्ये न तोडता. देवराजला तो सगळा नोव्हेंबर आठवला. अळिंब्या तशाच अर्ध्या वाफ्यात सोडून तो खाली उतरला आणि उसाला वाकला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी प्रेमचंदच्या शेतातला शेवटचा ऊस पडला. देवराजनं आयुष्यात पुरी केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती दुसऱ्याच्या शेतात. तो सरळ उभा राहून मोकळ्या रानाकडं बघत होता. हे असं दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. प्रेमचंद बोलणं पाळणारा माणूस होता, जरी त्या दिवशी त्याला ते फारसं आवडलं नाही. त्यानं कालवड सोडली.

उसाच्या रस्त्यानं देवराज कालवड घेऊन गावात आला तेव्हा गणपतीची मूर्ती आणायला निघालेले लोक वाटेत थांबले.  मिस्ये प्रोझे काहीतरी घेऊन येतोय आणि ते चालतं-फिरतं आहे, हेच मोठं नवल होतं. जयदेवच्या अंगणातून बदकं कालवडीकडं बघायला बाहेर आली.

चंद्रिका ओटीवर विळीवर नारळ खवत होती. देवराजनं कालवड खुंट्याला बांधली आणि बाजूला झाला. ती उठली, खोबऱ्याचे हात लुगड्याला पुसले, कालवडीपाशी गेली. गळ्यावरचा ठिपका बोटानं चाचपला. कालवडीनं हात लावू दिला. मग चंद्रिका येऊन परत नारळ खवायला बसली.

देवराज घरात गेला. पलंगाखाली वाकला आणि सगळ्यात आत ढकललेला, सगळ्यात आधी उतरवलेला तो पहिला भोपळा ओढून बाहेर काढला. कुणी सांगितलं नव्हतं. तोबीमार्फतही नाही. ओटीवर गोणपाट टाकून त्यानं भोपळा त्यावर ठेवला आणि कोयता उचलला. कोयत्याला आता चांगली धार होती. एका घावात भोपळा दुभंगला.

आतून काळा पडला होता. इतके महिने वाट बघून सडला होता, बियांना मोडसुद्धा आले होते. वास सगळ्या ओटीभर पसरला. देवराज कोयता हातात घेऊन त्याकडं बघत राहिला. आता यावर काय उपाय, अशी एखादी कल्पना त्याला कदाचित सुचलीही असती.

“तो नको,” चंद्रिका म्हणाली. “दुसरा घ्या.”

तोबीनं मान वर केली. वाक्य आपल्यासाठी नाही हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं शेपूट हलवली नाही. देवराज आत गेला आणि कपाटावरचा भोपळा घेऊन आला. तो पिवळाधमक निघाला. चंद्रिकेनं अर्धा भाग आपल्याकडं ओढला, विळीवर धरला आणि नारळाशेजारी फोडींचा ढीग होऊ लागला. फोडी मोठ्या कराव्यात की बारीक यावर पुढं त्यांचं थोडं बोलणं झालं, पण ते दुसऱ्या कुणी ऐकण्यासारखं नव्हतं.

बसंतीची सासू दुसऱ्या दिवशी जेवली आणि भाजीला नाव न ठेवता उठली, यापेक्षा जास्त सासू काय करणार. कालवडीचं नाव गावानंच ठेवलं. देवराज सुंदरी म्हणायचा, पण सगळं पेती राफ्रे तिला पोंप, म्हणजे क्रेओलमधला पंप, म्हणू लागलं, कारण पंपाच्या बदल्यात ती आली होती. पुढं पोंप गाय झाली, दूध देऊ लागली, आणि देवराज गोठ्यात जाऊन तिच्याजवळ उभा राहायला शिकला. ती त्याला हात लावू द्यायची नाही. पण ओळखायची.

देवराजला पुढं सुधारलेला माणूस समजायचं कारण नाही. ऐंशीच्या त्या दशकात त्यानं हळद लावून पाहिली, ससे पुन्हा आणले आणि अळिंब्यांचा मांडव दोन बाजूंनी उभा केला. फरक एवढाच झाला की दगडांवरून उतरल्यावर तो आधी घरी यायचा आणि नवी योजना चंद्रिकेला सांगायचा. ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग गाईवर बेतणारं सोडून दुसरं काहीही करायला हरकत नाही, असं सांगायची.

गोठ्याचं अर्धं छप्पर मात्र तसंच राहिलं. बाजूला पत्रे रचून ठेवले होते, खिळे डब्यात तयार होते, आणि दर वर्षी वादळाच्या दिवसांच्या तोंडावर तो आता बसवतोच म्हणायचा. चंद्रिकेनं त्या पत्र्यांवर वेल चढवली होती. तिथंही भोपळे चांगले धरायचे.